ट्रॅक्टरची बॅटरी उभ्या उभ्या उतरते तेव्हा : करंटची गळती शोधण्याची पद्धत

संध्याकाळी काम आटोपून शेडमध्ये लावलेला ट्रॅक्टर सकाळी चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज करतो, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) फिरत नाही आणि मीटरवरचे दिवे मंद होत विझतात. असे दोन-तीनदा झाले की बहुतेक शेतकरी बॅटरीच्या दुकानाची वाट धरतात. आमच्या ट्रॅक्टरच्या बाबतीत मीही तेच केले होते. जुनी बॅटरी देऊन नवी आणली, आणि तीही आठवड्याच्या आत तशीच उतरली. दोष बॅटरीत नव्हताच. इंजिन बंद असताना कोठून तरी करंट वाहून जात होता. ही गळती शोधण्यासाठी फार मोठी विद्या लागत नाही. चार-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर, बारा व्होल्टचा एक बल्ब, पान्यांचा संच आणि एक मोकळी सकाळ एवढे पुरेसे आहे, मात्र तपासणीचा क्रम सोडून चालत नाही. ज्याने आजवर मल्टिमीटर हातात धरलेला नाही, त्याच्यासाठी तो क्रम येथे सविस्तर लिहिला आहे.

प्रारंभी सुरक्षिततेविषयी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, पीटीओ (मागचे अवजार फिरवणारा शाफ्ट) बंद करावा, हॅन्डब्रेक ओढावा आणि मागे रोटाव्हेटर किंवा नांगर जोडलेला असल्यास तो जमिनीवर टेकवावा. हातातील अंगठी, कडे आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे, कारण बॅटरीचे पॉझिटिव्ह टर्मिनल आणि ट्रॅक्टरची बॉडी यांच्यामध्ये अंगठी सापडली तर ती क्षणात लाल होते आणि बोट भाजते. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून जवळ विडी, काडीपेटी किंवा ठिणगी असू नये. बॅटरी सोडवताना नेहमी आधी निगेटिव्ह म्हणजे अर्थिंगची केबल काढावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी लावावी. हा क्रम पाळल्यास पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. बॅटरी कमजोर झाली की सेल्फच्या दोन टर्मिनलांवर पाना किंवा स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ट्रॅक्टर चालू करण्याची सवय गावोगाव दिसते. असे करणारा माणूस मागच्या मोठ्या चाकापुढे उभा असतो, आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर इंजिन चालू होताच ते चाक त्याच्या अंगावर येते. चावी, क्लच आणि न्यूट्रल यांचे संरक्षण या पद्धतीत पूर्णपणे वगळले जाते. तपासणीच्या कोणत्याही टप्प्यावर तिची गरज पडत नाही, आणि पडली असे वाटले तरी ती वापरू नये.

पहिली पायरी : चावी आणि डोळ्यांनी पाहणी

पेट्रोलची गाडी चावी बंद केल्याखेरीज थांबत नाही. यांत्रिक पंपाच्या अनेक डिझेल ट्रॅक्टरांचे तसे नाही. तेथे स्टॉपर ओढला की डिझेलचा पुरवठा तुटतो आणि इंजिन थांबते. चावी मात्र ‘ऑन’वरच राहू शकते. मग ऑइलचा आणि चार्जिंगचा असे दोन्ही दिवे, डिझेलचा काटा आणि कित्येक ट्रॅक्टरांत अल्टरनेटरची (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची) फील्ड वायर, म्हणजे त्यातील चुंबकाच्या कॉइलला करंट देणारी वायर, रात्रभर करंट घेत राहते. धुळीने माखलेल्या मीटरवरचा लहान लाल दिवा दिवसा उन्हात दिसतही नाही. म्हणून अंधार पडल्यावर एकदा ट्रॅक्टरभोवती फिरून पाहावे. मागचा ब्रेकलाइट, नंबरप्लेटचा दिवा, कॅनोपीला लावलेला एलईडी आणि मोबाइल चार्जरचा बारीक निळा ठिपका यांपैकी काही पेटलेले आहे का, हे अंधारातच नीट कळते. ब्रेक पेडलची स्प्रिंग ढिली पडली तर ब्रेकचा स्विच दाबलेला राहतो आणि एकवीस वॅटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर घेतात.

दुसरी पायरी : बॅटरी स्वतः निर्दोष आहे का

गळती शोधण्यापूर्वी बॅटरीवरील संशय दूर केला पाहिजे. अन्यथा पुढचे सर्व आकडे दिशाभूल करतात. बॅटरी बाहेर काढून, पाणी भरण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरची पातळी प्लेटांच्या साधारण १० ते १५ मिलिमीटर वर आहे याची खात्री करून, ती चार्जरवर पूर्ण चार्ज करावी. विहिरीचे, बोअरचे किंवा घरच्या फिल्टरचे पाणी टाकू नये, कारण त्यातील क्षार प्लेटांवर बसतात. बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश इतका करंट चार्जिंगला योग्य असतो, म्हणजे ७५ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीला साडेसात अँपिअरच्या आसपास. पूर्ण उतरलेली बॅटरी या गतीने भरायला दहा-बारा तास लागतात.

चार्ज झाल्यावर वरचे झाकण स्वच्छ करणे विसरू नये. ॲसिडचा ओलावा आणि धूळ यांचा जो चिकट थर दोन टर्मिनलांमध्ये साचतो, तोही करंट वाहून नेतो. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून काळी पिन निगेटिव्हला लावावी आणि लाल पिन झाकणाच्या प्लॅस्टिकवर इकडेतिकडे टेकवावी. आकडा शून्याहून बराच वर गेला तर बॅटरी स्वतःच्याच पाठीवरून गळत आहे. टोप्या घट्ट बसवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने झाकण पुसावे, सोड्याचे पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये, आणि कोरड्या फडक्याने पुन्हा पुसावे.

यानंतर बॅटरी ट्रॅक्टरला न जोडता रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर ती भरलेली आहे, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. काहीही जोडलेले नसताना बॅटरी एका रात्रीत १२.३ वर आली तर तिचा एखादा सेल खराब आहे. साडेदहाच्या आसपास आकडा येऊन तो वाढतच नसेल तर सहापैकी एक सेल पूर्ण गेला असे समजावे. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) असल्यास प्रत्येक सेलची घनता पाहावी. पाच सेल एका रेषेत आणि सहावा खूप खाली असेल, तर गळतीच्या शोधात वेळ घालवण्यात अर्थ नाही, बॅटरीच बदलावी लागेल.

तिसरी पायरी : चार्जिंग होते का

बॅटरी उतरण्याचे कारण नेहमी गळतीच असते असे नाही. दिवसभरात ती भरलीच नसेल तरीही सकाळी तोच अनुभव येतो. बॅटरी जोडून ट्रॅक्टर चालू करावा, सेल्फ फिरत असताना दुसऱ्या माणसाला बॅटरीच्या टर्मिनलांवर लावलेल्या मल्टिमीटरकडे पाहायला सांगावे. चांगल्या बॅटरीचा आकडा त्या वेळी साडेनऊच्या खाली जात नाही. इंजिन चालू झाल्यावर थ्रॉटल मध्यम ठेवला की बॅटरीच्या टर्मिनलांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या खाली आकडा राहिला तर पट्टा ढिला आहे का, अल्टरनेटरचे कनेक्शन गंजले आहे का आणि अर्थिंगची केबल चॅसिसला जेथे बसते तेथे रंग किंवा गंज आहे का, हे आधी पाहावे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडला असून तो बॅटरी उकळवत आहे.

इंजिन चालू असतानाच मीटर एसी व्होल्टवर करून तोच आकडा एकदा पाहावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसल्यास अल्टरनेटरचा एखादा डायोड (एसीचे डीसी करणारा भाग) फुटल्याचा दाट संशय घ्यावा, आणि पुढच्या तपासणीत अल्टरनेटरपासून सुरुवात करावी. साधे, स्वस्त मीटर एसीवर ठेवून डीसी मोजले तरी चुकीचा मोठा आकडा दाखवू शकते, म्हणून इंजिन बंद असतानाही एसीवर काय दिसते ते आधी टिपून घ्यावे आणि फरक पाहावा.

चौथी पायरी : गळती आहे का, आणि किती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चावी बंद, सर्व स्विच बंद, मोबाइल चार्जर काढलेला, अशा स्थितीत निगेटिव्ह केबल बॅटरीवरून काढावी. मग बारा व्होल्टचा २१ वॅटचा, म्हणजे इंडिकेटरचा बल्ब, वायर जोडलेल्या होल्डरसह घेऊन एक वायर काढलेल्या केबलच्या टोकाला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला लावावी. ट्रॅक्टरला जाणारा सगळा करंट आता या बल्बमधूनच जाणार आहे. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर गळती दीड अँपिअरच्या वर आहे. मंद पेटला तर कमी आहे. पेटलाच नाही तर ती फार लहान आहे किंवा नाही. थेट मीटर न लावता आधी बल्ब लावण्याचे कारण असे की मोठा शॉर्ट असला तरी बल्ब करंटला आवर घालतो आणि मीटर जळत नाही. नवख्या माणसाने ही पायरी वगळू नये.

बल्ब पेटला नाही किंवा मंद पेटला, की मल्टिमीटर घ्यावा. काळी वायर ‘कॉम’च्या छिद्रात, लाल वायर १० अँपिअरच्या छिद्रात आणि फिरता स्विच डीसी १० अँपिअरवर ठेवावा. लाल पिन केबलच्या टोकाला, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला. अँपिअरवर ठेवलेले मीटर बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये कधीही लावू नये, तो सरळ शॉर्ट होतो. स्वस्त मीटरच्या १० अँपिअरच्या छिद्राला आत फ्यूजही नसतो, म्हणून लाल वायरच्या वाटेत बाहेरून १० अँपिअरचा फ्यूज घालणे शहाणपणाचे आहे. मीटर जोडलेले असताना चावी ‘ऑन’ करू नये आणि सेल्फ तर मुळीच मारू नये, कारण सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. मोजणी संपली की लाल वायर लगेच व्होल्टच्या छिद्रात परत लावावी. पुढच्या वेळी विसरून व्होल्ट मोजायला गेलेली माणसे अशीच मीटर जाळतात.

किती गळती चालते? यांत्रिक पंपाचा, घड्याळ किंवा म्युझिक सिस्टिम नसलेला जुना ट्रॅक्टर असेल तर आकडा जवळजवळ शून्य, फार तर काही मिलिअँपिअर असावा. ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले, आणि त्यांपैकी अनेकांत इंजिनाचे नियंत्रण ईसीयूकडे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाकडे आले. अशा ट्रॅक्टरात किंवा जीपीएस यंत्र बसवलेल्या ट्रॅक्टरात ३० ते ५० मिलिअँपिअर स्वाभाविक मानता येतात. मात्र चावी बंद केल्यावर काही मिनिटे थांबूनच केबल काढावी, आणि मीटर जोडल्यावर ईसीयू शांत होईपर्यंत अर्धा तास तरी वाट पाहून मग आकडा लिहावा.

हिशेब साधा आहे. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच, म्हणजे ७५ एएचची बॅटरी निम्मी व्हायला महिना लागेल. पाच वॅटचा एक लहान बल्ब ०.४२ अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला सुमारे १० एएच, आणि चार दिवसांत सेल्फ जड होतो. आमच्या ट्रॅक्टरवर मला २.४ अँपिअर दिसले होते. त्या वेगाने निम्मी बॅटरी १६ तासांत रिकामी होते, आणि आमचा ट्रॅक्टर एक दिवस उभा राहिला की चालू होत नव्हता, ही गोष्ट त्या आकड्याशी तंतोतंत जुळत होती. मिळालेला आकडा आणि प्रत्यक्षात बॅटरी उतरण्याचा काळ यांचा असा मेळ बसतो का, हे अवश्य ताडून पाहावे. बसत नसेल तर गळती सतत नसून अधूनमधून होणारी आहे.

पाचवी पायरी : गळती कोणत्या वाटेवर आहे

फ्यूजची पेटी असेल तर मीटर जोडलेले ठेवून एकेक फ्यूज काढावा आणि दर वेळी आकडा पाहावा. ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या वाटेवर गळती आहे. काढलेला फ्यूज त्याच जागी, त्याच क्षमतेचा, लगेच परत लावावा आणि मग पुढचा काढावा. ईसीयू असलेल्या ट्रॅक्टरात फ्यूज काढून परत लावला की ईसीयू पुन्हा जागा होतो आणि आकडा काही काळ वर जातो, म्हणून तेथे घाई करू नये.

जुन्या ट्रॅक्टरांत मात्र दोन-चारच फ्यूज असतात आणि बऱ्याच वायरींना फ्यूजच नसतो, त्यामुळे वरच्या पद्धतीने काहीच हाती लागत नाही. अशा वेळी सेल्फकडे जावे. बॅटरीची जाड पॉझिटिव्ह केबल सेल्फच्या मोठ्या बोल्टवर येते आणि तेथूनच बहुधा एक वायर अल्टरनेटरकडे, एक चावीकडे आणि समोरच्या मीटरकडे अशा शाखा फुटतात. कालव्याच्या मुख्य दारापाशी उभे राहून कोणत्या चारीत पाणी जाते ते पाहण्यासारखे हे आहे. निगेटिव्ह पूर्ण काढून ठेवावे, बोल्टवरची एक बारीक वायर सोडवून तिच्या टोकाला टेप गुंडाळावी, नट पुन्हा घट्ट करावा, निगेटिव्ह मीटरमधून जोडावे आणि आकडा पाहावा. फरक पडला नाही तर पुन्हा निगेटिव्ह काढून दुसरी वायर. प्रत्येक वेळी निगेटिव्ह काढण्याचा कंटाळा येतो, तरीही तो करू नये. सेल्फचा बोल्ट थेट बॅटरीशी जोडलेला असतो आणि पाना ब्लॉकला टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते. सगळ्या बारीक वायरी सुटल्या, फक्त जाड केबल उरली आणि तरीही मीटर आकडा दाखवते, तर गळती सेल्फमध्येच आहे. कार्बनची भुकटी आणि ऑइल यांचा लगदा आत साचला की असे होते.

अल्टरनेटरचा संशय असेल तर एक युक्ती आधी करून पाहावी, तिला कोणतेही हत्यार लागत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचे बोनेट पहाटे उघडून अल्टरनेटरच्या अंगावर हात ठेवावा. तो इंजिनाच्या ब्लॉकइतकाच गार लागायला हवा. आमचा अल्टरनेटर थंडीच्या दिवसांत पहाटे पाच वाजता कोमट लागला, आणि दोन बॅटऱ्यांच्या खर्चाचे कारण मला त्या क्षणी कळले. त्याच्या ‘बी प्लस’ टर्मिनलची, म्हणजे बॅटरीकडे जाणारी, वायर सोडवताच मीटर शून्यावर आले. उघडल्यावर आतला रेग्युलेटर शॉर्ट निघाला; तो फील्डला अखंड करंट देत होता. डायोड फुटला असेल तरीही हीच वायर सोडवल्यावर गळती थांबते. अल्टरनेटर कोणत्याही चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे दुरुस्त होतो, पूर्ण नवा घेण्याची गरज क्वचित पडते.

मात्र कंपनीच्या वायरिंगपेक्षा नंतर वाढवलेल्या वायरिंगवर मी नेहमी अधिक संशय घेतो. ऊस वाहतुकीसाठी लावलेली म्युझिक सिस्टिम, प्रेशर हॉर्न, एलईडीची पट्टी, फवारणीचा पंप, ट्रॉलीच्या दिव्याची वायर या गोष्टी पुष्कळदा फ्यूजशिवाय थेट बॅटरीवरून घेतलेल्या असतात आणि चावी बंद केल्याने त्या बंद होत नाहीत. अशी प्रत्येक वायर बॅटरीपासून शेवटापर्यंत बोटाने मागोवा घेत तपासावी. स्टिअरिंगच्या खांबाला घासून सोललेली जागा, सायलेन्सरजवळ वितळलेले आवरण, उंदरांनी कुरतडलेला तुकडा, बोनेटच्या कडेखाली चेपलेली वायर, ही नेहमीची ठिकाणे. ट्रॉलीच्या सॉकेटमध्ये चिखल आणि ओलावा साचून पिनांवर हिरवट गंज चढतो; अशी गळती पावसात दिसते आणि ऊन पडले की नाहीशी होते. म्हणून पावसाळ्यात उतरणाऱ्या बॅटरीची तपासणी ओल असतानाच करावी, आणि मीटर जोडलेले असताना वायरिंगचे जुडगे हलक्या हाताने हलवून आकडा उड्या मारतो का, हे पाहावे.

बॅटरी उतरलेली असतानाची निकड

तपासणी पूर्ण होईपर्यंत शेताचे काम थांबत नाही, त्यामुळे दुसऱ्या वाहनावरून जंपर (दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या जाड केबल) लावण्याची वेळ येते. ट्रक आणि डंपर बहुधा २४ व्होल्टवर चालतात. त्यांच्या पूर्ण जोडणीवरून बारा व्होल्टच्या ट्रॅक्टरला कधीही जंपर लावू नये. प्लस-मायनस उलटे लागले तर अल्टरनेटरचे डायोड त्याच क्षणी जातात. रोज रात्री केबल काढून ठेवणे किंवा अर्थिंगच्या केबलवर कटऑफ स्विच बसवणे हा तात्पुरता उपाय म्हणून चालेल, परंतु सोललेली वायर शॉर्ट होऊन आग लावण्याचा धोका दिवसा काम करताना तसाच राहतो. इंजिन चालू असताना तो स्विच बंद करू नये, कारण बॅटरीचा आधार तुटताच अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि डायोड, रेग्युलेटर किंवा ईसीयू जळू शकतो.

दुरुस्तीनंतर

सोललेली वायर नुसत्या टेपने गुंडाळण्याऐवजी तेवढा भाग कापून नवा तुकडा जोडावा, सांध्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी आणि वायर घासणार नाही अशा रीतीने क्लिपने बांधावी. थेट बॅटरीवरून घेतलेल्या वायरीला बॅटरीपासून एका वितीच्या आत फ्यूज घालावा आणि शक्य असेल तर तिचा करंट चावीच्या रिलेवरून (चावीने चालू-बंद होणाऱ्या विजेच्या स्विचवरून) घ्यावा. जळलेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालू नये. मग चौथ्या पायरीवरची मोजणी पुन्हा करून नवा आकडा तारखेसह वहीत लिहावा. बॅटरी पूर्ण चार्ज करून ट्रॅक्टर तीन दिवस न चालवता उभा ठेवावा आणि दररोज सकाळी, सेल्फ न मारता, व्होल्ट मोजावेत. पहिल्या सकाळी चार्जिंगचा वरवरचा दाब उतरल्यामुळे आकडा थोडा खाली येईल. दुसऱ्या आणि तिसऱ्या सकाळी तो साडेबाराच्या वर जवळपास स्थिर राहिला, तर ट्रॅक्टर पुन्हा कामावर न्यायला हरकत नाही.